हवा धरलेलं पेडल आणि बसत जाणारं पेडल

ब्रेकचं पेडल मऊ लागतंय असं म्हणायचा अवकाश, गॅरेजवाला चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलला पाना लावतो. ‘हवा धरली असंल, काढून टाकू.’ हवा निघते, मजुरी जाते आणि चार दिवसांनी गाडी परत त्याच दारात. बीड असो, लातूर असो की परभणी, हेच चालू आहे. हवा धरलेलं पेडल आणि पायाखाली बसत जाणारं पेडल हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दुसरा वाढतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हवेचं बहुतेकांना माहीत आहे. ब्रेकच्या लायनीत भरलेलं तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. लायनीत बुडबुडा असला की पायाचा जोर आधी त्याच्यावर खर्च होतो. पोहायला विहिरीवर नेतो त्या ट्यूबवर पाय दिल्यासारखं लागतं. भराभर तीन-चार पंप मारले की पेडल वर येतं, कडक होतं आणि पाय तसाच ठेवला तर तिथंच थांबतं. हवा काढा, विषय संपला.

आता दुसरं. मास्टर सिलेंडर म्हणजे पेडल दाबल्यावर तेल चाकांकडं ढकलणारी नळी. तिच्या आत पिस्टनवर रबरी सील असतात. ते झिजले किंवा नळीच्या आतल्या भिंतीला गंज-ओरखडे आले की दाबलेलं तेल चाकांकडं जायच्या ऐवजी सीलच्या कडेनं मागं सरकतं. बाहेर थेंब पडत नाही. चारही चाकं कोरडी आणि डब्यातली पातळी जिथल्या तिथं. घोळ नेमका इथं होतो: तेल कमी नाही, गळती नाही, मग हवाच असणार, असा हिशेब लावला जातो. पंप मारल्यावर हे पेडलसुद्धा थोडं वर येतं, त्यामुळं पंप मारून दोघांतला फरक कळत नाही. फरक कळतो तो पाय धरून ठेवल्यावर.

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद. चार-पाच वेळा पेडल मारा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. मग पाय हलका ठेवा, रेल्वे फाटकावर गाडी थोपवताना ठेवतो तेवढाच. मनात ३० पर्यंत मोजा. पेडल मऊ आहे पण थांबलंय, तर हवा. पेडल सावकाश खाली चाललंय आणि बाहेर कुठंही ओल नाही, तर मास्टर. पाय हलकाच हवा. जोरात दाबलं की तेलाच्या दाबानं सीलची कड भिंतीला घट्ट चिकटते आणि गळती तेवढ्यापुरती थांबते. कितीतरी जण एक दणका देऊन ‘मास्टर ओके आहे’ सांगतात, ते यामुळंच.

पेडलवर पाय ठेवून इंजिन चालू केलं की पेडल एकदा थोडं खाली जातं आणि थांबतं. तो बूस्टर काम करतोय, त्यात बिघाड काही नाही. त्यासाठी कृपा करून मास्टर बदलू नका.

मागच्या वर्षी मेहुणा केजहून आला. ‘दाजी, तीनदा हवा काढली, तरी पेडल खाली जायलंय.’ अंगणात गाडी बंद करायला लावली आणि म्हटलं, हलका पाय ठेव, बोलू नको. वीस मोजेपर्यंत विहिरीत दोर सोडावा तसं पेडल खाली खाली गेलं आणि त्याच्या बुटाचं टोक चटईला टेकलं. तेलाचा डबा वरच्या खुणेपर्यंत भरलेला. असा ब्रेक घेऊन तो मांजरसुंब्याचा घाट उतरून आला होता, मागच्या सीटवर दोन्ही पोरं. माझ्या पोटात गोळा आला.

त्या तीन वेळच्या हवा काढण्यानं मास्टर आणखी बिघडला असणार. रोजच्या वापरात पिस्टन नळीच्या थोड्याच भागात फिरतो. पुढच्या भागात जुन्या तेलाचा गाळ आणि गंज साचतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्या खरबरीत भागावरून घासत जातात आणि फाटतात. जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवलाच पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

दुरुस्तीचंही तसंच. मास्टरमध्ये नुसतं किट, म्हणजे नवे रबरी सील, घालून द्यायची पद्धत मला पटत नाही. ओरखडे असलेल्या नळीत नवं रबर किती दिवस टिकणार? पूर्ण मास्टर बदला, बसवण्याआधी शिकंज्यात धरून त्यातली हवा काढा, मग चाकांची. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत हवा त्या युनिटमध्ये अडकली तर नुसत्या पाना-निपलनं निघत नाही, स्कॅनर लावावा लागतो.

डब्यातलं तेल कमी होतंय पण गळती दिसत नाही, तर मास्टर बूस्टरपासून सोडवून मागं बघा, तेल बूस्टरमध्ये उतरत असतं. पहिलं पेडल खोल आणि दुसरं कडक असेल तर मागच्या ड्रमचे लायनर सेट करून घ्या. हँडब्रेक थोडा ओढल्यावर पेडल वर आलं तर खात्रीच समजा.

सकाळी पेडल ठीक, घाट उतरल्यावर मऊ आणि गाडी थंड झाली की परत ठीक, असं असेल तर दोष तेलाचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रतीचं तेल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी धरलं की ही मर्यादा १५५ च्या आसपास येते, आणि उकळलं की लायनीत वाफ होते. दोन वर्षांनी तेल बदला, तेही सीलबंद बाटलीतलं. गॅरेजच्या फळीवर झाकण उघडं पडलेली अर्धी बाटली मी माझ्या गाडीत ओतू देत नाही.