मागचा एक्सल मध्यावर घेणे

मोटारीचा मागचा अखंड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध धुरा) चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मध्यरेषेपासून डावीकडे किंवा उजवीकडे सरकला असेल, तर सस्पेन्शनमधल्या दांड्यांची लांबी किंवा त्यांच्या पकडीची जागा बदलून तो पुन्हा मध्यावर आणण्याचे काम. गॅरेजच्या बोलीत ‘एक्सल सेंटरला घेणे’. सातारा जिल्ह्यात हा विषय बहुधा गाडी उंच केल्यावर निघतो. चाळकेवाडीच्या पठारावरचे दगड, जावळी-पाटणातल्या वाड्यावस्त्यांच्या वाटा आणि पावसाळ्यात खचलेल्या साइडपट्ट्या यांमुळे जीपवजा गाड्यांना लांब स्प्रिंगा घालून घेणारे पुष्कळ आहेत. गाडी 50 मिलिमीटर उचलली, की काही दिवसांनी मालकाच्या लक्षात येते की मागून पाहिल्यावर एक चाक मडगार्डच्या बाहेर डोकावते आणि दुसरे आत गेले आहे. अपघात झालेला नसतो, काही वाकलेलेही नसते. ही साधी भूमिती आहे.

कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. एक्सलला जागेवर धरून ठेवणे तिला जमत नाही. पुढे-मागे धरायला लांब ट्रेलिंग आर्म असतात आणि डावी-उजवीकडे धरायला एक आडवा दांडा. या दांड्याला पानार्ड-लेव्हासोर या फ्रेंच मोटारकंपनीवरून ‘पॅनार्ड रॉड’ हे नाव पडले. आपल्याकडे त्याला सर्रास ‘लॅटरल रॉड’ म्हणतात. इनोव्हा क्रिस्टा आणि जिम्नी या गाड्यांच्या मागे तो वाकून पाहिल्यास सहज दिसतो. त्याचे एक टोक चासीला आणि दुसरे एक्सलला बोल्टने धरलेले असते. चासीकडचे टोक स्थिर मानले, तर एक्सलकडचे टोक कंपासच्या पेन्सिलीसारखे कमानीत फिरते. म्हणजे चाक वर-खाली होताना एक्सल नेहमीच थोडा बाजूलाही सरकतो. दांडा आडवा असेल तोवर हा सरक नगण्य असतो, आणि जसजसा तो तिरपा होतो तसतसा तो वाढत जातो.

आकड्यांत पाहू. दांडा 900 मिमी लांब आहे आणि चासीकडचे टोक एक्सलकडच्या टोकापेक्षा 50 मिमी उंच आहे, असे धरा. गाडी आणखी 50 मिमी उचलली की हा फरक 100 मिमी होतो आणि एक्सल सुमारे 4.2 मिमी बाजूला ओढला जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मूळ उंचीवर चाक 50 मिमी वर आणि 50 मिमी खाली गेले, तर एक्सल एकूण 5.6 मिमी बाजूला हलत असे. उचललेल्या गाडीत तेवढ्याच हालचालीला तो 11.2 मिमी हलतो. यवतेश्वरच्या घाटात वळणावरच खड्डा लागला की मागची बाजू कडेला ढकलल्यासारखी वाटते, त्याचे एक कारण हे आहे. दांड्याची लांबी वाढवून एक्सल मध्यावर येतो, पण हा दुप्पट झालेला सरक तसाच राहतो. तो कमी करायचा तर एक्सलकडची पकड ब्रॅकेट लावून वर घ्यावी लागते, म्हणजे दांडा पुन्हा पूर्वीइतका आडवा होतो. मोठी उंची वाढवणाऱ्याने या ब्रॅकेटचा खर्च आधीच धरलेला बरा.

दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे. चासीकडचे टोक वर असलेली गाडी उचलली की एक्सल दांड्याच्या चासीकडच्या बाजूला ओढला जातो, म्हणून दांडा लांब करायचा. गाडी बसवली, म्हणजे खाली घेतली, की एक्सल उलट बाजूला ढकलला जातो, म्हणून दांडा आखूड करायचा.

काम बिघडते ते मापातच. गाडी सपाट फरशीवर, चाके जमिनीवर आणि नेहमीचे वजन आत असताना मोजायचे. जॅकवर उचललेल्या गाडीत एक्सल लोंबतो आणि लोंबता एक्सल बाजूला गेलेलाच असतो, तेव्हा तिथे घेतलेले माप फुकट. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी हवी. स्प्रिंगा बसाव्यात म्हणून मोजण्याआधी गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे सरळ फिरवावी. मग गवंड्याचा ओळंबा मडगार्डच्या कडेवरून सोडून दोरीपासून रिमच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर दोन्ही बाजूंना घ्यायचे. मात्र मडगार्ड कधी पत्र्याच्या कामाला गेलेला असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. चासीच्या लांब पट्टीपासून टायरच्या आतल्या बाजूपर्यंत मोजलेले माप जास्त खरे.

समजा, डावीकडे चाक दोरीच्या 38 मिमी आत आहे आणि उजवीकडे 26 मिमी. फरक 12 मिमीचा, पण एक्सल उजवीकडे सरकला आहे तो 6 मिमीच. एका बाजूचे जेवढे घटते तेवढेच दुसरीकडे वाढते, म्हणून फरकाचे निम्मेच दुरुस्त करायचे. ही निम्म्याची गोष्ट विसरल्यामुळे एक्सल उजवीकडून निघून डावीकडे जाऊन बसतो आणि काम दोनदा करावे लागते. दोन-चार मिलिमीटरचा फरक नव्या गाडीतही सापडतो. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

कंपनीचा मूळ दांडा सहसा एकजीव असतो, त्याची लांबी बदलत नाही. त्याच्या जागी आटे पाडलेला दांडा घालावा लागतो. एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतील तर दांडा जागेवरच फिरवून लांबी बदलता येते. आट्यांचे अंतर 1.5 मिमी असेल तर एका फेऱ्याला 3 मिमी, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या 6 मिमीला दोन फेरे. एकाच टोकाला आटे असतील तर ते टोक सोडून फिरवावे लागते आणि एका फेऱ्याला 1.5 मिमीच मिळतात. टोकाचे आटे निदान त्यांच्या व्यासाइतके तरी आत राहिले पाहिजेत, आणि शेवटी चेक नट (आटे फिरू नयेत म्हणून लावलेला नट) आवळायला विसरू नये. जुना दांडा कापून मधे तुकडा वेल्ड करणे हा उपाय काही ठिकाणी केला जातो. ज्या एका दांड्यावर गाडीचा मागचा भाग सरळ राहतो, त्याचा जोड असा अंदाजाने करू नये, असे स्पष्ट सांगावेसे वाटते.

बुशांचा, म्हणजे दांड्याच्या टोकांत बोल्टाभोवती बसणाऱ्या नळ्यांचा, नियमही तितकाच महत्त्वाचा. रबरी बुशातले रबर बोल्टाभोवती फिरत नाही, पिळले जाते. गाडी हवेत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर गाडी जमिनीवर येताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून आधी बोल्ट हलके लावायचे, गाडी खाली घ्यायची, आणि मग वजनावर टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. खाली शिरण्याआधी चाकाला पुढून-मागून उटी लावायची. फाटलेला बुश आधीच असेल, तर जुळवणी करण्याआधी तो बदलायचा; ढिल्या बुशावर घेतलेले माप दर खड्ड्यागणिक बदलते.

एक्सल मध्यावर असणे आणि तो काटकोनात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टिअरिंग वाकडे धरून गाडी सरळ चालवावी लागत असेल, तर एक्सल तिरका बसलेला असू शकतो, आणि तो दोष लॅटरल रॉड फिरवून जात नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून ट्रेलिंग आर्म पाहावे लागतात. उलट, एक्सल 10 मिमी बाजूला असूनही चाके समांतर असतील तर अलाइनमेंटच्या कागदावर मागचे कोन बिनचूक येऊ शकतात. क्रम असा धरावा: आधी खालचे ट्रेलिंग आर्म, मग प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या एक्सलला पोचवणाऱ्या दांड्याच्या) कोनासाठी वरचे आर्म, आणि लॅटरल रॉड सर्वांत शेवटी. काम झाल्यावर ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, टायर आत कुठे घासत नाही ना, हे पाहावे.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांत लॅटरल रॉड सहसा नसतो. तिथे पाट्यांचा सेंटर बोल्ट एक्सलवरच्या भोकात बसतो आणि यू-बोल्ट दोघांना आवळून धरतात. बोजा वाहणाऱ्या पिकअपचे यू-बोल्ट ढिले पडले की सगळा ताण सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, आणि एक्सल एका बाजूने मागे सरकून गाडी खेकड्यासारखी तिरकी पळते. नवे पाटे घातल्यावर काही शे किलोमीटरनी यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बुश झिजले तरीही एक्सल बाजूला खेळतो.

कमानीतला हा सरकच नको असेल तर वॉट जोडणी वापरतात. जेम्स वॉटने 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी पेटंट घेतलेल्या यंत्रणेचे ते रूप आहे: दोन दांडे मधल्या फिरत्या तुकड्याला जोडलेले असतात, त्यामुळे एक्सल जवळजवळ सरळ वर-खाली जातो. 2022 मध्ये आलेल्या स्कॉर्पिओ-एनमध्ये मागे हीच जोडणी आहे.

उंची बदलण्याआधी मोटार वाहन कायदा, 1988 मधले कलम 52 वाचावे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ बनावटीशी जुळणार नाही असे फेरफार त्याने मना केले आहेत. स्विफ्टसारख्या टॉर्शन बीमच्या (मागची दोन्ही चाके पिळल्या जाणाऱ्या एका तुळईने जोडलेल्या) गाड्यांत लॅटरल रॉड नसतो आणि बाजूला सरकवण्याची सोयही नसते. तिथे मागची चाके एकीकडे गेलेली दिसली, तर बीमचे बुश, त्याच्या पकडी आणि जुन्या ठोकरीची दुरुस्ती तपासावी.