डेंग्यू ताप : रुग्णालयीन लक्षणे व रक्तातील बदल

डेंग्यू विषाणूच्या चार प्ररूपांपैकी (उपप्रकारांपैकी) एखाद्याच्या संसर्गाने होणारा, एडिस डासामार्फत पसरणारा तीव्र ताप. डास चावल्यापासून साधारणतः ४ ते १० दिवसांत तो सुरू होतो. डोकेदुखी, डोळ्यांच्या खोबणीतील ठणका, अंगदुखी व पुरळ ही लक्षणे परिचितच आहेत. दाखल रुग्णात सततच्या उलट्या, पोटदुखी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, सुस्ती व यकृताची वाढ यांवर अधिक लक्ष ठेवतात. धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, म्हणजे नेमका ताप उतरताना येतो. हा काळ २४ ते ४८ तास टिकतो.

रक्तात प्रथम पांढऱ्या पेशी घटतात. नंतर असामान्य लसीकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसू लागतात. रक्त गोठवणारे बिंबाणू (प्लेटलेट) त्यानंतर उतरतात. त्यांच्या घटीमागे अस्थिमज्जेतील निर्मिती मंदावणे हे कारण, की प्रतिपिंडांमुळे होणारा नाश, याविषयी मतभेद आहेत. आरंभी पहिली व पुढे दुसरी प्रक्रिया प्रबळ असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. यंत्राने दिलेला फार कमी आकडा रक्तपट्टीवर (काचेवर पसरलेले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहून) पडताळावा लागतो, कारण ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या नळीत बिंबाणूंच्या गुठळ्या झाल्यास मोजणी खोटी उतरते. बिंबाणूंची संख्या व रक्तस्राव यांचा मेळही सैल आहे. दर घन मिमी. रक्तात २० हजार किंवा त्याहून कमी बिंबाणू असलेल्या प्रौढांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ प्रतिबंधासाठी बिंबाणू चढवून रक्तस्राव कमी झाला नाही.

खरा धोका रक्तद्रव केशवाहिन्यांतून झिरपण्यात आहे. त्याने रक्त दाट होऊन हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) वाढते, फुफ्फुसावरणात व पोटात पाणी साचते. नाडीदाब (वरच्या व खालच्या रक्तदाबातील फरक) २० मिमी. पारा किंवा त्याहून कमी झाल्यास आघात (शॉक) जवळ आलेला असतो. पूर्वीपेक्षा वेगळ्या प्ररूपाचा संसर्ग झाल्यास आधीचे प्रतिपिंड विषाणूला पेशीत शिरण्यास मदत करतात, ही जुनी उपपत्ती. प्रतिकारक्षम मातांच्या, म्हणजे आईचे प्रतिपिंड मिळालेल्या, तान्ह्या मुलांत पहिल्याच संसर्गात आजार गंभीर होतो, हे तिला पोषक आहे. विषाणूचे एनएस१ प्रथिन रक्तवाहिन्यांच्या आतील थराला थेट इजा करते, असेही प्रयोगांत दिसले आहे. दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या वर्गीकरणात डेंग्यू रक्तस्रावी तापासाठी ताप, रक्तस्रावाची प्रवृत्ती, बिंबाणू १ लाखापर्यंत किंवा खाली आणि रक्तद्रव झिरपल्याचा पुरावा, उदा. हिमॅटोक्रिटमध्ये २० टक्के वाढ, हे चारही निकष आवश्यक होते. पण रुग्णाचे मूळ हिमॅटोक्रिट सहसा ठाऊक नसते. पंडुरोगात वा सलाइन चालू असताना वाढ झाकलीही जाते. संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणाने सततच्या उलट्या, पोटदुखी यांसारखी इशारा-लक्षणे पुढे आणली. गंभीर रुग्ण त्यात नजरेतून कमी सुटतात, मात्र दाखल करण्याचे प्रमाण वाढते.

रक्तातील यकृतविकरांपैकी (यकृताची इजा दाखवणाऱ्या एन्झाइमांपैकी) एएसटी सहसा एएलटीपेक्षा जास्त वाढते, कारण त्याचा काही भाग स्नायूंतूनही येतो. निदानासाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस१, पुढे आयजीएम (संसर्गानंतर लवकर तयार होणारे) प्रतिपिंड पाहतात. दुसऱ्यांदा झालेल्या संसर्गात आयजीजी (दीर्घकाळ टिकणारा प्रतिपिंड) लवकर वाढतो व आयजीएम क्षीण राहू शकतो.

आजार उतरू लागल्यावर पांढऱ्या पेशी आधी, बिंबाणू नंतर सावरतात. झिरपलेला द्रव ४८ ते ७२ तासांत वाहिन्यांत परततो. तेव्हा हिमॅटोक्रिट उतरणे स्वाभाविक असते. पण नाडी जलद व दाब घसरलेला असताना ते उतरले, तर लपलेला रक्तस्राव शोधावा लागतो. या टप्प्यात सलाइन चालूच ठेवल्यास फुफ्फुसांत पाणी भरते.