मोहिमेआधीची शस्त्रसज्जता : पार्श्वभूमी

तुकडी निघण्याआधी रायफल उघडून साफ करायची, मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, स्प्रिंगा तपासायच्या, आर्मररकडून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडून, चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) बघून घ्यायचं आणि रेंजवर झिरोइंग करायचं, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवायची. आज हा क्रम सैनिकाच्या अंगवळणी पडलेला असतो. तो एकाएकी ठरला नाही. त्यातल्या जवळपास प्रत्येक पायरीमागे कुठे ना कुठे महागात पडलेली चूक आहे.

1857 ची चरबीची काडतुसं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण ते वंगण मुळात देखभालीच्या गरजेतून आलं होतं. आटे पाडलेल्या नळीत गोळी घट्ट बसते आणि काजळी साचली की आत सरकत नाही. कुरबूर सुरू झाली तीही रणांगणावर नव्हे, तर नव्या एनफिल्ड रायफलीचं प्रशिक्षण देणाऱ्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या केंद्रावर. अंबाला आणि सियालकोट इथेही असेच वर्ग चालत.

त्यानंतर बराच काळ शत्रू होता तो गंज. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन फायरिंगनंतर नळीत क्षार सोडायचं. हा क्षार हवेतला ओलावा ओढतो, आणि नुसत्या तेलाने तो निघत नाही. म्हणून नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतायचं, मग पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंदी लावून नळी कोरडी करायची आणि शेवटी तेल द्यायचं. ही पद्धत टिकली, कारण रायफलही टिकत होती. एकच हत्यार वर्षानुवर्षं हाती असायचं आणि जुना हवालदार नव्या जवानाला ते शिकवायचा.

ही साखळी तुटली 1960 च्या दशकात, व्हिएतनाममध्ये. एम-16 ही हलकी रायफल अमेरिकी सैन्याने घाईने स्वीकारली. अनेक तुकड्यांचं प्रशिक्षण आधीच्या एम-14 रायफलीवर झालेलं होतं. काहींच्या हाती नवी रायफल थेट युद्धभूमीजवळ, 1967 च्या वसंतात पडली. तिच्यासोबत सफाईचं साहित्य अपुरं होतं, कित्येकांना तर नळी साफ करायची सळईही मिळाली नाही. कारण रायफलीची ख्याती पसरली होती ती ‘स्वतः साफ होणारी’ अशी.

या शब्दांपाशी थांबायला हवं, कारण सगळा घोळ त्यांच्यात आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत ही रायफल खरोखर कमी घाण धरत होती. पण त्या चाचण्या विशिष्ट दारूच्या काडतुसांवर झाल्या होत्या. ठरलेला वेग आणि दाब सांभाळून ती दारू मोठ्या प्रमाणात बनवणं कठीण जात होतं, म्हणून 1964 च्या सुमारास गोलकणी दारू मंजूर झाली. तिची काजळी जास्त होती, आणि रायफलीचा गोळ्या झाडण्याचा वेगही वाढून मिनिटाला हजाराच्या घरात गेला. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि हवा दमट. चेंबरला गंजाचे खड्डे पडत, झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी आत रुतून बसे. ती काढायला नळीच्या तोंडातून सळई घालावी लागे. काडतूस बदललं, ख्याती मात्र जुन्याच काडतुसाची राहिली.

दोष कुणाचा, यावर तेव्हाही एकमत नव्हतं. सैनिक रायफल साफ ठेवत नाहीत, असं सांगितलं गेलं. ते काही ठिकाणी खरंही असेल. पण ज्याला साफ करायला शिकवलं नाही आणि साधनही दिलं नाही, त्याच्यावर हा ठपका ठेवणं अन्यायाचं होतं. ऑक्टोबर 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशीनेही पुरेशा चाचण्यांविना दारू बदलण्यावर बोट ठेवलं. चेंबरला क्रोम लावणं सुरू झालं, सफाईचं साहित्य पोहोचलं, आणि 1968 मध्ये देखभालीची 32 पानी चित्रमय पुस्तिका निघाली. प्रशिक्षणात नेमकं काय राहून गेलं होतं, ते त्या पुस्तिकेत दिसतं.

वाळवंटाने हाच प्रश्न पुन्हा पुढे आणला. 23 मार्च 2003 रोजी इराकमधल्या नासिरिया इथे अमेरिकी सैन्याच्या देखभाल तुकडीचा ताफा रस्ता चुकून हल्ल्यात सापडला. 33 पैकी 11 जण मृत्युमुखी पडले. अनेकांची हत्यारं अडकली होती. वाळवंटात वैयक्तिक देखभाल कमी पडली असावी, असं लष्कराच्या अहवालात म्हटलं गेलं. त्यानंतर वाद पेटला तो तेलाचा. जास्त तेल लावलं तर धूळ चिकटते, ही जुनी शिकवण. धुळीतल्या चाचण्यांत मात्र भरपूर तेल दिलेल्या रायफली चांगल्या चालल्या. 2007 च्या एका चाचणीत प्रत्येक प्रकारच्या रायफलीतून 60,000 फैरी झाडल्या गेल्या. एम-16 चीच आखूड आवृत्ती असलेली एम-4 तब्बल 882 वेळा अडकली. त्यातले बरेच अडथळे एकट्या मॅगझिनमुळे होते.

मॅगझिनची तपासणी म्हणूनच वेगळी धरली जाते. झिरोइंगचंही तसंच. झिरो हा त्या रायफलीचा, त्या काडतुसाचा आणि ती धरणाऱ्या माणसाचा मिळून असतो. उंची आणि थंडी बदलली की गोळीचा मार्ग बदलतो, म्हणून नव्या भागात पोहोचल्यावर तो पुन्हा करावा लागतो. रेंजचा वेळ कमी पडला की पहिली कात्री लागते ती चालक, स्वयंपाकी, मेकॅनिक यांच्या फायरिंगला. नासिरियातला ताफा अशाच माणसांचा होता.