कंपनीला जाब कोणी विचारायचा? उपेंद्र बक्षी, भोपाळ आणि एका विषयाचा जन्म

पार्श्वभूमी

'व्यवसाय आणि मानवी हक्क' हा विषय आता विधी महाविद्यालयांत शिकवला जातो, त्यावर पदव्या मिळतात, कंपन्या त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमतात. त्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण १६ जून २०११ पासून सुरुवात करतात. त्या दिवशी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने हार्वर्डचे प्राध्यापक जॉन रगी यांनी तयार केलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वं एकमताने उचलून धरली. मला ही सुरुवात पटत नाही. परदेशातल्या पालक कंपनीने इथल्या माणसांचं नुकसान केलं तर तिला कोणत्या कोर्टात आणि कोणत्या कायद्याखाली खेचायचं, या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्याकडे त्याआधी पंचवीस वर्षं मांडला गेला होता. तो मांडणाऱ्यांत दिल्ली विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक उपेंद्र बक्षी अग्रभागी होते.

बक्षींचा जन्म १९३८ चा, राजकोटचा. मुंबई विद्यापीठातून एलएलएम, पुढे अमेरिकेत बर्कलेला डॉक्टरेट, काही वर्षं सिडनीत अध्यापन आणि १९७३ पासून दिल्ली विद्यापीठ. या टप्प्यापर्यंत ही एका हुशार प्राध्यापकाची नेहमीची वाटचाल वाटते. तिला वळण लागलं ते विदर्भातल्या एका खटल्यामुळे.

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं होतं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा एकूण रोख. निकाल कायद्याच्या नियतकालिकांत छापून आला आणि तसाच विस्मरणात गेला असता. पण १९७९ च्या सप्टेंबरमध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी थेट सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. पोलिस ठाण्यात, रात्रीच्या वेळी, वर्दीतल्या माणसांसमोर गरीब मुलीची 'संमती' म्हणजे नेमकं काय, एवढंच त्यांनी विचारलं. त्या पत्राने देशभर स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. आपल्याकडे या प्रकरणाची आठवण स्त्री चळवळीच्या इतिहासात निघते आणि ते योग्यच आहे. पण बक्षींच्या पुढच्या सगळ्या कामाची रीतही तिथेच ठरली, याकडे फारसं लक्ष जात नाही. निकाल वाचायचा तो ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या जागी उभं राहून, आणि प्राध्यापकाने वर्गात गप्प बसायचं नाही. १९८१ मध्ये त्यांनी आणि लोतिका सरकार यांनी आग्र्याच्या महिला संरक्षणगृहातल्या हालअपेष्टांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं.

मग आली २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. कारखाना चालवणाऱ्या भारतीय कंपनीत अमेरिकेतल्या पालक कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के होता. हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची सगळी लढाई या आकड्याभोवती फिरली. निम्म्याहून जास्त मालकी, तंत्रज्ञान त्यांचं, कारखान्याचा मूळ आराखडा त्यांचा. मग अपघाताची जबाबदारी मात्र फक्त इथल्या कंपनीची कशी?

काही दिवसांत अमेरिकी वकील भोपाळच्या वस्त्यांत वकालतनाम्यांवर अंगठे घेत फिरू लागले. १९८५ मध्ये संसदेने खास कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला आणि सरकारने एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा गुदरला. त्यात मांडलेलं तत्त्व त्या काळात धाडसाचं होतं. अनेक देशांत पसरलेली कंपनी हा एकच उद्योग आहे, त्यातल्या एका शाखेच्या घातक कामाची जबाबदारी संपूर्ण उद्योगाची, असं ते तत्त्व.

त्यानंतर न्यायाधीश जॉन कीनन यांच्यासमोर जे घडलं, ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. कार्बाइडचं म्हणणं, हा खटला अमेरिकेत चालवणं गैरसोयीचं आहे. साक्षीदार, पुरावे, पीडित सगळे भारतात, तेव्हा खटला भारतातच चालावा. भारत सरकारचं म्हणणं नेमकं उलट. आमची न्यायव्यवस्था एवढ्या मोठ्या दाव्यासाठी पुरी पडणार नाही, खटले वर्षानुवर्षं रखडतात, नुकसानभरपाईचा कायदा अजून कच्चा आहे. यासाठी सरकारने विस्कॉन्सिनचे कायद्याचे प्राध्यापक मार्क गॅलँटर यांचं प्रतिज्ञापत्र दिलं. ते भारतीय कायद्याचे मोठे अभ्यासक. आणि कंपनीच्या बाजूने, भारतीय न्यायालयं पूर्ण सक्षम आहेत असं प्रतिज्ञापत्र दिलं ते मुंबईचे नामवंत वकील नानी पालखीवाला यांनी! स्वतःच्या न्यायालयांवर भरवसा नाही असं सार्वभौम सरकार परक्या कोर्टात सांगतंय आणि त्या न्यायालयांची बाजू परदेशी कंपनी मांडतेय. १२ मे १९८६ ला कीनन यांनी कंपनीचं म्हणणं मान्य केलं. खटला अमेरिकेत ठेवणं म्हणजे विकसनशील देशावर आपली मूल्यं लादणारा साम्राज्यवादच होईल, असंही त्यांनी लिहिलं. गोऱ्या न्यायाधीशाने साम्राज्यवादाविरुद्ध बोलायचं आणि त्यामुळे कार्बाइडची अमेरिकी ज्यूरीपुढून सुटका व्हायची. या निकालाइतकं सभ्य भाषेत केलेलं नुकसान मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

बक्षी तेव्हा इंडियन लॉ इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनाची धुरा सांभाळत होते. त्यांनी काय केलं? कागद जमवले. दावा, प्रतिज्ञापत्रं, कंपनीचा बचाव, कीनन यांचा निकाल, सगळं एकत्र करून, प्रस्तावनेसह, १९८६ मध्येच ग्रंथरूपात आणलं. प्रकाशक मुंबईचे, कायद्याच्या पुस्तकांसाठी जुन्या वकिलांना परिचित असलेले एन. एम. त्रिपाठी. पुढे आणखी दस्तऐवज आले आणि १९९० मध्ये अमिता धांडा यांच्यासह केलेला खंड आला. हे काम वरवर कोरडं वाटतं, पण त्यावेळी इंटरनेट नव्हतं. न्यूयॉर्कच्या कोर्टातली कागदपत्रं भारतातल्या वकिलाला, कार्यकर्त्याला, विद्यार्थ्याला मिळण्याची दुसरी वाट नव्हती. भोपाळवर पुढे जगभर जे संशोधन झालं, त्यातलं बरंचसं या खंडांच्या पायावर उभं आहे.

इकडे भारतात खटला सुरू झाला तेव्हा कायदा अगदीच कच्चा राहिलेला नव्हता. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाल्यावर न्या. भगवतींच्या घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये 'संपूर्ण दायित्व' हे तत्त्व घालून दिलं. घातक उद्योग चालवणाऱ्याला कोणताही बचाव नाही, आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी. भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली, पण जबाबदारी पालक कंपनीचीच धरली. दार किलकिलं झालं होतं. आणि मग १४ फेब्रुवारी १९८९ ला सर्वोच्च न्यायालयात अचानक तडजोड जाहीर झाली: ४७ कोटी डॉलर, दिवाणी आणि फौजदारी सगळी प्रकरणं बंद. सरकारने सुरुवातीला मागितले होते ३३० कोटी डॉलर. ज्यांच्या नावाने ही तडजोड झाली त्यांना कोणी विचारलंही नाही. फौजदारी खटले १९९१ मध्ये पुन्हा उघडले गेले, पण पालक कंपनीची जबाबदारी काय, या प्रश्नावर अंतिम निवाडा कधी आलाच नाही.

बक्षींचं पुढचं लेखन मला या न सुटलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा वाटतं. दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळून झाल्यावर १९९६ मध्ये ते इंग्लंडला वॉरिक विद्यापीठात गेले आणि २००९ पर्यंत तिथे होते. त्या काळात त्यांनी एक गोष्ट ठासून मांडली: मानवी हक्कांची भाषा हळूहळू बाजाराच्या सोयीची होत चालली आहे. माणसांसाठी बनलेले हक्क कंपन्या आपल्या गुंतवणुकीच्या संरक्षणासाठी वापरू लागल्या आहेत, आणि हक्कांचे खरे कर्ते असलेले दुःख सोसणारे लोक बाजूला पडताहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला लांब जावं लागत नाही. दाभोळच्या वीज प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गुहागर तालुक्यातल्या गावकऱ्यांवर १९९७ मध्ये पोलिसांनी केलेली कारवाई इथे अनेकांना आठवत असेल. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ च्या अहवालात हा प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीवर थेट मानवी हक्कभंगात सहभागाचा आरोप ठेवला. प्रकल्पाच्या जागी तैनात पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हा त्यातला सर्वांत गंभीर मुद्दा. वेलदूरच्या मच्छीमार बायांनी न्याय मागायचा कुणाकडे? तालुक्याच्या ठाण्यात तर तेच पोलिस.

आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रयत्न झाले नाहीत असं नाही. चिलीचे अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांनी १९७२ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ढवळाढवळीविरुद्ध आवाज उठवला होता. त्यानंतर आचारसंहितेचा मसुदा तयार करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी ते गुंडाळलं गेलं. २००३ मध्ये दुसरा प्रयत्न झाला. मिनेसोटाचे कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड वाइसब्रॉट यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उपआयोगाने कंपन्यांवर थेट बंधनं घालणारे निकष मंजूर केले. उद्योगसंघटना खवळल्या, अनेक सरकारांनी हात वर केले, आणि त्याच्या वरच्या मानवी हक्क आयोगाने २००४ मध्ये या मसुद्याला कायदेशीर दर्जा नाही असं सांगून टाकलं. बक्षींनी २००५ मध्ये या निकषांवर दीर्घ लेख लिहून त्यांना झालेल्या विरोधाची चिरफाड केली.

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे या विषयावरचे विशेष प्रतिनिधी म्हणून रगींची नेमणूक झाली. हे निकष स्वतःच्याच तात्त्विक अतिरेकात बुडाले, असं मत त्यांनी नोंदवलं आणि वेगळी वाट धरली: राज्याने संरक्षण करायचं, कंपन्यांनी आदर राखायचा, आणि पीडितांना दाद मागण्याची सोय असावी. कंपनीवर कायद्याचं थेट बंधन मात्र नाही. सगळ्यांना चालेल असं काही हवं असेल तर इतपतच मिळतं, हे खरं. त्या तत्त्वांमुळे पुढे फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये पुरवठा साखळीवर लक्ष ठेवण्याचे कायदे केले, आपल्याकडे सेबीने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, हेही खरं. पण पालक कंपनीला जाब कुठे विचारायचा, या भोपाळच्या विधवेच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

ही टीका पुढच्या पिढीतल्या एका भारतीय प्राध्यापकाने पद्धतशीरपणे मांडली. सूर्य देवा दिल्ली विद्यापीठात शिकले, दिल्ली आणि भोपाळच्या राष्ट्रीय विधी संस्थेत शिकवलं, मग हाँगकाँग आणि आता सिडनीचं मॅक्वारी विद्यापीठ. रगींच्या तत्त्वांतली सहमतीची भाषा मानवी हक्कांना हलकं करते, असं त्यांनी २०१३ मध्ये लिहिलं. २०१६ मध्ये ते ती तत्त्वं राबवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाचे सदस्यही झाले आणि २०२२ पर्यंत राहिले. दाद मागण्याच्या व्यवस्थेत केंद्रस्थानी कंपनी नको, पीडित हवेत, हा कार्यगटाचा २०१७ चा अहवाल त्यांच्या काळातला. याच सुमारास या विषयाला वाहिलेलं पहिलं मोठं संशोधन नियतकालिक केंब्रिजहून सुरू झालं. देवा त्याच्या संस्थापक संपादकांपैकी एक. जानेवारी २०१६ च्या पहिल्याच अंकात बक्षींचा लेख आहे, विषय अर्थातच भोपाळ.

कीनन यांच्यासमोर गॅलँटर यांनी मांडलेला मुद्दा लंडनमध्ये २०१९ मध्ये जिंकला, हे मुद्दाम सांगायला हवं. झांबियातल्या चिंगोला भागातल्या अठराशेवर गावकऱ्यांनी तांब्याच्या खाणीच्या प्रदूषणाबद्दल लंडनस्थित पालक कंपनीवर, म्हणजे आपल्या ओळखीच्या वेदांतावर, दावा लावला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालवायला परवानगी दिली. झांबियात एवढा खटला लढवायला पैसा आणि अनुभवी वकील मिळणार नाहीत, खरा न्याय हुकण्याचा धोका आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. त्याच वर्षी गुजरातमधल्या मुंद्र्याच्या मच्छीमारांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जागतिक बँक समूहाच्या वित्तसंस्थेचं खटल्यांपासून संरक्षण देणारं अभेद्य कवच फोडलं. पण पुढे खालच्या कोर्टाने घटना भारतात घडली या मुद्द्यावर दावा फेटाळला. पुन्हा तीच भिंत.

आणि भोपाळ? २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकी कंपनी कोर्टात हजरच झाली नाही. तडजोड करताना सुमारे तीन हजार मृत्यू गृहीत धरले होते, प्रत्यक्षात ५,२९५ मृतांची भरपाई द्यावी लागली. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली उपचारात्मक याचिका, म्हणजे अंतिम निकालानंतर दाद मागण्याची शेवटची संधी, सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ ला फेटाळली. पीडितांसाठी विमा उतरवण्याचा १९९१ चा आदेश सरकारने पाळला नाही, यावर ताशेरे ओढले आणि रिझर्व्ह बँकेत पडून असलेले ५० कोटी रुपये उरलेल्या दाव्यांसाठी वापरायला सांगितले. कारखान्याच्या आवारातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवून तिथे जाळण्यात आला. त्याचा १२६ कोटींचा खर्च सरकारने, म्हणजे करदात्यांनी उचलला.