पोटगी थकली? नागपुरात वसुलीचा अर्ज करण्याआधी

मुलाच्या पोटगीचा हुकूम हातात आहे, पण खात्यात पैसे येत नाहीत. आधी बँकेत जाऊन पासबुकात एंट्री मारून आणा. वकील नंतर.

कारण सगळा खेळ तारखांचा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालंय (1 जुलै 2024 पासून). वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज लागतो. समजा, महिना 5,000 ठरले आणि 14 महिने छदाम आला नाही. थकबाकी 70,000, पण वॉरंटाच्या वाटेनं मागता येतील 60,000. ‘दिवाळीनंतर देतो’ ऐकून थांबलेल्यांचं इथेच अडतं. उरलेल्यासाठी दिवाणी हुकूमनाम्यासारखी (पैशांच्या दाव्यातल्या निकालासारखी) अंमलबजावणी मागण्याची वाट आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ती स्पष्ट केली. तिच्यात पगारही जप्त होऊ शकतो.

अर्ज अल्पवयीन मुलासाठी आई करते. आईबापाचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क तोच. जिथून हुकूम निघाला त्याच कोर्टात जा. बाप नोकरीसाठी पुण्याला गेला असेल तर तिथेही अंमलबजावणी मागता येते.

सोबत हुकुमाची प्रमाणित नक्कल, पासबुक, आधार, मुलाचा जन्मदाखला, गैरअर्जदाराचा (म्हणजे बापाचा) सध्याचा पत्ता आणि नोकरीचं ठिकाण. महिनावार तक्ता स्वतः करा. मध्येच त्यानं फोनवरून 2,500 पाठवले असतील तर तेही दाखवा. लपवलेली एक एंट्री पुढच्या पेशीला अख्ख्या अर्जावर शंका आणते.

वकिलाची फी झेपत नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

पुढे काय होतं? पुरेसं कारण नसताना थकवलं तर दंडासारखी वसुली, म्हणजे जप्तीचं वॉरंट. त्यानंतरही बाकी राहिली तर प्रत्येक थकीत महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद, किंवा त्याआधी पैसे भरले तर तोवरच. आणि ‘आत बसून येतो, हिशेब मिटला’ असं होत नाही. कैद भोगली तरी रक्कम देणं लागतेच, हे सर्वोच्च न्यायालयानं 1988 लाच सांगितलंय.

नोकरी खरंच गेली असेल तर बापानं गप्प बसू नये. त्याच नव्या संहितेच्या कलम 146 खाली रक्कम बदलून मागता येते. तोवर जुनाच आकडा चालू राहतो.