कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा वाढतो का?

"कुंडीत आधी विटांचे तुकडे किंवा खडी घाला, म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो" हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. पटण्यासारखाच आहे. खडीतून पाणी झरकन जातं, हे आपण पाहिलेलं असतं.

पण ते आधी मातीतून सुटायला हवं. मातीतल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरत नाही. खडीच्या लगतची माती अगदी चिंब झाली, तरच ते खाली जातं. त्यामुळे एरवी कुंडीच्या बुडाशी राहणारा ओला पट्टा खडीवर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. १० इंची कुंडीत २ इंच खडी भरली, तर मिरचीच्या वाट्याची तेवढी मातीही गेली.

पडताळून बघायचंय? भांडी घासायचा नवा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा. आणखी पाणी गळेल. मातीचंही तसंच आहे, थर जितका उंच तितका निचरा बरा.

तळाचं भोक मात्र हवंच. माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर जाळीचा तुकडा पुरतो. माती फारच चिकट असेल, तर तिच्यातच कंपोस्ट आणि भाताचं तूस मिसळा.