कापडी पिशवी, पत्रावळी सरकारी ऑफिसला विकायचीय? नोंदणी, पात्रता, कागदपत्रं, सगळं एका ठिकाणी

आधी माझी फजिती सांगतो, मग कागदांचं बघू. अक्कलकोट रोडला आमचं शिलाईचं छोटं युनिट आहे, सात मशिनी. एका ऑफिसची ५०० कापडी पिशव्यांची ऑर्डर मिळाली, कार्यक्रम कसला तर प्लास्टिकमुक्तीचा. आम्ही हौसेनं एकेक पिशवी इस्त्री मारून, घडी घालून पारदर्शक पॉलिथिनमध्ये टाकली, कारण सोलापुरात चादर-टॉवेल वर्षानुवर्षं तसेच पॅक होतात, हात आपोआप तिकडंच जातो. तिथल्या स्टोअरकीपरनी एक गठ्ठा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "काय ओ, पिशवी कापडाची आन् तिला झबलं प्लास्टिकचं घातलाव की." माल परत. टेम्पोचं भाडं दोनदा आणि झबली काढण्यात घरच्या बायकांचे दोन दिवस गेले.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं की सरकारी ऑफिसला असा माल द्यायचा तर काय काय लागतं. म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

तुमचा माल खरंच बिनप्लास्टिकचा आहे का

हे पहिलं, कारण इथंच निम्मे लोक अडकतात. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं आली, दंड पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. मग केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून, त्यात प्लास्टिकच्या प्लेटा, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, ट्रे, काड्यावाले इअरबड, फुग्याच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या बॉक्सवर आणि आमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची फिल्म, आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर. शेवटच्या दोन गोष्टी सरकारी कार्यक्रमात सर्रास दिसतात आणि कुणाला त्या बंदीत आहेत हे माहीतच नसतं.

आता गंमत बघा. ती मऊ, कापडासारखी दिसणारी, लग्नात नारळ घालून देतात ती नॉन-वोव्हन पिशवी, ती कापड नाही. ती पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. केंद्राच्या नियमात ती ६० जीएसएमपेक्षा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) कमी चालत नाही, वर चालते, पण चालते म्हणजे कापडी झाली असं नाही, ऑर्डरमध्ये "सुती" लिहिलेलं असताना ती दिलीत तर माल रिजेक्ट होणार. घरच्या घरी तपासायचं तर कोपरा जाळून बघा, सुती कापड कागदासारखं जळून राख होतं, नॉन-वोव्हन वितळून त्याचा कडक मणी होतो. तेच चहाच्या कागदी कपाचं, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, आणि असा थर दिलेल्या प्लेटा-कप महाराष्ट्रानं २०२२ मध्ये बंदीत घेतल्यात.

"कंपोस्टेबल" लिहिलेला माल असेल, समजा मक्याच्या स्टार्चच्या पिशव्या, तर बनवणाऱ्याकडं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र पाहिजे आणि माल आयएस/आयएसओ १७०८८ ह्या मानकात बसला पाहिजे. नुसतं हिरवं पान छापून भागत नाही. प्रमाणपत्राची कॉपी हातात नसेल तर त्या मालाच्या नादी लागू नका, असं माझं मत.

सुती पिशवी, टेरी टॉवेलचे नॅपकिन, ज्यूट फोल्डर, सुपारीच्या पानाच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या प्लेटा (आतून फिल्म नसलेल्या), स्टीलचे ग्लास-जग, बांबूचे पेनस्टँड ह्यात असा घोळ नाही.

कोण घेतं आणि कुठं

सोलापुरात गिऱ्हाईक दोन जातीचं आहे. एक केंद्राचं, म्हणजे रेल्वेचं डिव्हिजन, एनटीपीसी, पोस्ट. दुसरं राज्याचं आणि स्थानिक, म्हणजे कलेक्टर ऑफिस, झेडपी, महापालिका, विद्यापीठ, तालुक्याच्या नगरपरिषदा. केंद्राची खरेदी मुख्यतः जेम पोर्टलवरून होते, म्हणजे सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार, हे पोर्टल २०१६ पासून आहे. राज्याची थोडी जेमवर, थोडी महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या टेंडरच्या साइटवर, ई-टेंडरनं, आणि छोटी खरेदी अजूनही दरपत्रकावर, म्हणजे तीन जणांकडून कोटेशन मागवून. राज्याच्या ऑफिसांसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहे, ऑफिसातले लोक तिचाच हवाला देतात, म्हणून नाव कानावर असू द्या.

सीझन म्हणाल तर जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, मार्चएंडला निधी संपवायची घाई. तेव्हा ऑर्डर निघतात, पण नोंदणीला तेव्हा पळालात तर उशीर झालेला असतो.

पहिली पायरी: उद्यम

उद्यम, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची केंद्राकडची नोंदणी, फुकट आहे. परत लिहितो, फुकट. सरकारी साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन वर संपतो, बाकी सर्च केल्यावर वर येणाऱ्या आणि दोन-तीन हजार मागणाऱ्या साइट एजंटांच्या असतात, दिसायला अगदी सरकारी. लागतं काय तर आधार, पॅन, बँक खातं, धंद्याचा पत्ता, आणि जीएसटी लागू असेल तर तो नंबर. एकट्याचा धंदा असेल तर मालकाचं आधार, भागीदारी असेल तर मॅनेजिंग पार्टनरचं, कंपनी, सोसायटी, ट्रस्ट असेल तर सही करणाऱ्याचं आधार आणि संस्थेचं पॅन. बचत गटालाही करता येतं, फक्त पॅन गटाच्या नावावर पाहिजे, अध्यक्षबाईंच्या नावाचं चालत नाही. आधारला मोबाइल लिंक नसेल तर सगळं ओटीपीवर अडतं.

पात्रतेची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वाढलीय, मशिनरीतली गुंतवणूक अडीच कोटीपर्यंत आणि उलाढाल १० कोटीपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म. म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळेच.

एक चूक हमखास होते. फॉर्ममध्ये उत्पादन, सेवा, व्यापार असं विचारतात. तुम्ही स्वतः शिवत असाल तर उत्पादनच टाका. माझ्या एका मित्राकडं चार मशिनी असून एजंटनं घाईत "व्यापार" टाकलं, आणि सरकारी खरेदीतली सूक्ष्म-लघु उद्योगांची सवलत व्यापाऱ्याला मिळत नाही, त्यामुळं त्याची पहिली बिड, म्हणजे टेंडरमधली बोली, तिथंच गेली. दुरुस्ती करता येते, पण बिडची तारीख थांबत नाही ना.

जेमवर नाव घालणं

हेही फुकट. आधार किंवा पॅनवरून खातं उघडायचं, ईमेल रोज बघत असाल तोच द्यायचा. मग संस्थेचं पॅन, उद्यम नंबर, जीएसटी, बँक खातं आणि आयएफएससी, इन्कमटॅक्स रिटर्नची माहिती, ऑफिस आणि गोडाउनचे पत्ते. सगळीकडं नावाचं स्पेलिंग एकसारखं असू द्या, पॅनवर "टेक्सटाइल" आणि बँकेत "टेक्सटाइल्स" असलं तरी अडकतं.

खातं झालं म्हणजे दुकान उघडलं, माल अजून लावायचा आहे. योग्य कॅटेगरी शोधून फोटो, माप, कापडाचा जीएसएम, किंमत, किती दिवसांत देणार, कुठल्या पिनकोडला देणार हे भरायचं. उत्साहात अख्खा महाराष्ट्र टिक करू नका, गडचिरोलीहून ५० पिशव्यांची ऑर्डर आली की कळतं, आणि नाकारली की रेटिंग पडतं.

महाटेंडर्ससाठी वेगळी नोंदणी आणि क्लास ३ ची डिजिटल सही लागते. फक्त कोटेशनवर काम करणार असाल तर पॅन, जीएसटी, उद्यम, कॅन्सल चेक आणि शॉप अ‍ॅक्टचा कागद बहुतेक ठिकाणी पुरतो. शॉप अ‍ॅक्टमध्ये २० पेक्षा कमी कामगार असतील तर लायसन नाही, नुसती सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. कापड रंगवण्याचं काम असेल तर मात्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, नुसती शिलाई आणि रंगाई ह्यात फरक आहे.

बिडचा कागद कसा वाचायचा

पहिल्या पानांवर एक ओळ शोधा, अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून एमएसईला, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाला, सूट आहे का, "येस" की "नो". "नो" असेल आणि तुम्ही नवीन असाल तर सोडून द्या, वेळ घालवू नका. ईएमडी, म्हणजे बयाणा रक्कम, उत्पादक सूक्ष्म-लघु उद्योगाला माफ असते. काम मिळाल्यावर भरायची अनामत, म्हणजे परफॉर्मन्स सिक्युरिटी, मात्र माफ नाही, तेवढे पैसे बाजूला धरा.

केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के भाग सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा नियम आहे, त्यात ३ टक्के महिलांच्या आणि ४ टक्के एससी-एसटी उद्योजकांच्या युनिटकडून. शिवाय तुमचा दर सगळ्यात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल तर तुम्हाला त्या कमी दरावर यायची संधी देतात आणि ऑर्डरचा हिस्सा मिळू शकतो. दिल्ली-सुरतच्या मोठ्या पार्टीसमोर आपल्याला हाच आधार आहे.

ऑफिसात बसणाऱ्यांनी हे वाचा

आता जरा तिकडच्या बाजूला बोलतो, कारण खरी गोम तिथंच आहे. ऑर्डरमध्ये नुसतं "पर्यावरणपूरक पिशवी" लिहिलं की सगळ्यात स्वस्त म्हणून नॉन-वोव्हनच जिंकणार, तुम्ही बंदीवर कार्यशाळा घेणार आणि हातात प्लास्टिक देणार. "१०० टक्के सुती कापड, अमुक जीएसएम, अमुक माप, दुहेरी शिलाई" असं लिहा. ब्रँडचं नाव लिहिता येत नाही, गुण लिहिता येतात. जेमवर खरेदीदाराला स्वतःच्या जादा अटी टाकता येतात, तिथं पॅकिंगची अट टाका: सुटं पॉलिथिन नको, बबल रॅप नको, प्लास्टिक पट्टी नको, खोकी किंवा परत नेता येतील असे क्रेट. ही अट आधी लिहिलेली असेल तर पुरवठादार भावात धरतो, माल दारात आल्यावर सांगितलं तर माझ्यासारखी गत होते. (मला ऑर्डरमध्ये अट नव्हती, पण भांडणार कोण.)

पाण्याच्या बाटल्या केंद्राच्या बंदीच्या यादीत नाहीत, त्यामुळं मीटिंगला २०० मिलीच्या बाटल्या मागवल्या तर नियम मोडत नाही. ते ऑफिसनं स्वतः ठरवायचं, मोठा जार आणि स्टीलचे ग्लास मागवायचे, आणि ग्लास धुणारं माणूस कोण हेही त्याच कागदात लिहायचं, नाहीतर चार दिवसांनी परत बाटल्या. सत्काराचंही तेच, प्लास्टिकच्या कागदातला बुके संध्याकाळी कचऱ्यात जातो, त्यापेक्षा आपल्याकडची टॉवेल-टोपी काय वाईट, टॉवेल तर इथलाच.

पॅकिंग आम्ही आता असं करतो

२५ पिशव्यांचा गठ्ठा, लूमवरच्या किनारीच्या चिंध्यांनी बांधायचा, त्या पावरलूमवाल्याकडं ढीगभर पडलेल्या असतात. वर खाकी कागद, मग पुठ्ठ्याचं खोकं, त्याला कागदी टेप. स्टीलच्या मालात कागदाची कात्रणं भरतो. पावसाळ्यात खरंच त्रास आहे, कागद ओल धरतो हे मान्य, म्हणून बंद टेम्पो घेतो आणि खोकी फळीवर ठेवतो, उघड्या गाडीत ताडपत्रीखाली नाही. खर्च थोडा वाढतो, पण पॉलिथिनचा खर्च वाचतो तो वजा करा.

पैसे

जेमवर माल पोचला की ऑफिस आधी पोच देतं, मग तपासून स्वीकृती प्रमाणपत्र काढतं, त्याला सीआरएसी म्हणतात. त्यासाठी १० दिवस, आणि ते निघाल्यावर पैसे द्यायला १० दिवस, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात सीआरएसीच निघत नाही, साहेब ट्रेनिंगला, साहेब इलेक्शन ड्युटीला. म्हणून माल देताना सही-शिक्का-तारीख असलेलं चलन घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणं ४५ दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत, थांबवले तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. तक्रार केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन होते (माझ्या वेळी ते "समाधान" पोर्टल होतं), उद्यम नंबर आणि ते सही केलेलं चलन दोन्ही तिथं लागतात. मी अजून केली नाही, एकदा फक्त "समाधानवर टाकू का साहेब" एवढं नम्रपणे विचारलं होतं, चौथ्या दिवशी बिल निघालं.